एकच डबा की सुटे डबे?

दोस्तांनो, गाणी ऐकायला घरात चांगली सिस्टिम घ्यायची, असं एकदा ठरलं की काय होतं? आई म्हणते, "वायरींचं जंजाळ नको, धूळ पुसायला सोपं हवं." बाबा माळ्यावरून जुन्या रेकॉर्ड्सचा गठ्ठा खाली काढतात. ताईला फोनवरची गाणी वाजवायची असतात. तेवढ्यात शेजारचे काका येतात आणि सांगून जातात, "घ्यायचे तर सेपरेट्स घ्या. एका डब्यात सगळं कोंबलेलं काही खरं नाही!" आणि दुकानदार? त्याच्याकडे तर दोन्ही असतं. जे महाग, ते चांगलं, असंच तो बहुधा सांगणार!

मग ऐकायचं कोणाचं? पैसे तर घरातले जाणार, आणि तेही काही थोडेथोडके नाहीत. तेव्हा डबे मोजण्याआधी त्या डब्यांमध्ये चालतं तरी काय, ते पाहू या. एकदा ते कळलं, की निम्मा निर्णय तुमचा तुम्हीच घ्याल. काय, आहे तयारी?

आवाजाची साखळी

गणपतीच्या मंडपात साउंडवाल्या दादांच्या टेबलाजवळ तुम्ही कधी ना कधी उभे राहिलाच असाल. दादांच्या पुढ्यात भरपूर बटणांचा एक मिक्सर असतो. माइकची वायर त्यात, फोनची वायर त्यात. कोणाला पुढे आणायचं, कोणाला गप्प बसवायचं, हे सगळं तिथे ठरतं. मिक्सरमधून बारीक वायर निघते, ती खाली ठेवलेल्या जड ॲम्प्लिफायरकडे जाते. आणि तिथून जाड वायरी निघतात त्या थेट स्पीकरकडे.

घरातल्या सिस्टिममध्येही हीच साखळी असते. तिच्या कड्या चार.

पहिली कडी म्हणजे गाणं जिथून येतं ते यंत्र. रेकॉर्ड प्लेअर, सीडी प्लेअर, रेडिओ नाहीतर फोन.

दुसरी कडी प्रीॲम्प्लिफायर. कोणतं यंत्र ऐकायचं ते निवडणं, आवाज कमी-जास्त करणं, रेकॉर्ड प्लेअरचा अगदी दुबळा संकेत धडधाकट करणं ही याची कामं. मंडपातला मिक्सर म्हणजे हाच.

तिसरी कडी पॉवर ॲम्प्लिफायर. हा सगळ्यांतला पैलवान. स्पीकरचे पडदे हलवण्याची ताकद हा पुरवतो.

चौथी कडी अर्थातच स्पीकर.

आता वादाचं मूळ कुठे आहे, ते पाहा. दुसरी आणि तिसरी कडी एकाच डब्यात बसवली, की झाला 'इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर'. त्या दोघांना वेगवेगळी घरं दिली, की झाले 'सेपरेट्स', म्हणजे सुटे डबे. त्या एका डब्यात रेडिओही घातला, तर त्याला म्हणायचं 'रिसीव्हर'. आणि जुना टू-इन-वन आठवतोय का? त्यात तर रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर, स्पीकर, सगळं कुटुंब एकाच खोलीत राहायचं!

पाच मिलिव्होल्टची मोठी उडी

रेकॉर्डवर सुई फिरते तेव्हा नेहमीच्या कार्ट्रिजमधून जो विद्युत संकेत निघतो, तो सुमारे ५ मिलिव्होल्टचा असतो. म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा भाग. आता समजा, तुमच्या ८ ओहमच्या स्पीकरला २० वॅट द्यायचे आहेत. वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. गणित करून पाहा. सुमारे साडेबारा व्होल्ट लागतात. म्हणजे संकेत अडीच हजार पट वाढवायला हवा!

पण हे 'वाढवणं' म्हणजे फुग्यात हवा भरण्यासारखं नसतं, बरं का. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आणि खालचा नळ डोळ्यांसमोर आणा. तुमची बोटं नळ हलकेच फिरवतात, आणि पाणी येतं ते टाकीतलं. बोटांनी पाणी तयार केलं का? नाही. ॲम्प्लिफायरमध्ये टाकी म्हणजे त्याचा पॉवर सप्लाय. घरातल्या विजेवर चालणारा जड ट्रान्सफॉर्मर आणि ती वीज साठवणारे मोठे कपॅसिटर, हे सगळं त्यात आलं. आणि नळ फिरवणारी बोटं म्हणजे गाण्याचा तो नाजूक संकेत. टाकी भरलेली हवी आणि नळ बोटांच्या इशाऱ्याबरहुकूम फिरायला हवा. चांगल्या ॲम्प्लिफायरचं सगळं गुपित या एका वाक्यात आहे.

मग सुटे डबे हवेतच कशाला?

काकांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. त्यामागे खरी कारणं आहेत.

एक, शेजाराचा त्रास. पैलवानाचा ट्रान्सफॉर्मर आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र पसरवत असतो. त्याच्या शेजारीच पाच मिलिव्होल्टचा संकेत बसला असेल, तर त्यात विजेची 'घूंऽऽ' अशी गुणगुण शिरू शकते. आणि एकदा ती शिरली, की गाण्याबरोबर तीही अडीच हजार पट मोठी होणार! दोघांना दूर ठेवलं, की हा धोका कमी होतो.

दोन, वेगळी टाकी. प्रत्येक डब्याला स्वतःचा पॉवर सप्लाय मिळतो. ढोलाच्या एका दणक्याला पॉवर ॲम्पने भसकन वीज ओढली, तरी प्रीॲम्पला त्याचा पत्ता लागत नाही.

तीन, बदलायची सोय. एक डबा बिघडला तर तेवढाच दुरुस्तीला जातो. पुढे मोठे स्पीकर आले, तर नुसता पॉवर ॲम्प बदलता येतो.

एका डब्याची बाजू

आता दुसऱ्या पक्षाच्या वकिलांचं ऐकू या. त्यांच्याही पोतडीत पुष्कळ काही आहे.

दोन डबे म्हणजे दोन पत्र्याची खोकी, दोन ट्रान्सफॉर्मर, दोन प्लग आणि मधली जोडणारी वायर. या सगळ्याचे पैसे तुम्हीच मोजता. तेवढ्याच पैशांत एकच डबा बनवायचा असेल, तर कंपनीला आतल्या भागांवर जास्त खर्च करता येतो. म्हणून कमी किमतीत सुटे डबे घेतले, की ते बरेचदा एका चांगल्या डब्यापेक्षा कमीच पडतात.

शिवाय डबे जोडताना नवीच डोकेदुखी होऊ शकते. दोन यंत्रांचे थ्री-पिन प्लग वेगवेगळ्या ठिकाणी लावले आणि त्यांच्यामध्ये संकेताची वायरही असली, की अर्थिंगचं एक वर्तुळ पूर्ण होतं. त्यातून पुन्हा तीच 'घूंऽऽ' ऐकू येऊ लागते. म्हणजे जी गुणगुण टाळायला डबे वेगळे केले, ती मागच्या दाराने घरात! दोन्ही प्लग एकाच बोर्डवर लावले, तर बरेचदा ती थांबते.

आणि चांगल्या एका डब्याची जगाने दिलेली साक्षही आहे. १९७८ साली 'एनएडी' या कंपनीने '३०२०' नावाचा एक साधासुधा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर काढला. दिसायला ना चकचकीत, ना भारी. कागदावर ताकद किती, तर प्रत्येक बाजूला फक्त २० वॅट! पण गाण्यात अचानक मोठा आवाज आला, की क्षणभर तो त्याहून बरीच जास्त ताकद देऊ शकायचा. अवघड स्पीकरही तो हाकून न्यायचा. स्वस्त असूनही तो जगभर गाजला, आणि आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात लोक तो शोधत असतात.

गंमत पुढेच आहे. या ३०२० च्या पाठीमागे धातूच्या दोन छोट्या कड्या होत्या. त्या काढल्या, की आतला प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प एकमेकांपासून सुटे व्हायचे! म्हणजे आज एकच डबा घ्या, उद्या पैसे साठले की त्याचा प्रीॲम्प तसाच ठेवून बाहेरून मोठा पॉवर ॲम्प जोडा. एकत्र की सुटे, हे भांडण त्या दोन कड्यांनी केव्हाच मिटवून टाकलं होतं. आजही काही इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरच्या मागे 'प्री-आउट' लिहिलेल्या पिना असतात. घेताना डबा फिरवून त्या आहेत का, हे जरूर बघा.

न सांगता ओळखा पाहू!

तुम्ही म्हणाल, "ते सगळं ठीक. पण कानाला फरक कळतो का?" अगदी मुद्द्याचा प्रश्न!

ब्रिटनमध्ये 'क्वाड' नावाची नावाजलेली कंपनी आहे. पीटर वॉकर हे तिचे संस्थापक. सुटे प्रीॲम्प आणि सुटे पॉवर ॲम्प ही तिची खासियत. १९७८ साली त्यांच्याच तीन पॉवर ॲम्पची परीक्षा झाली. एक १९५० च्या दशकातला काचेच्या व्हॉल्व्हचा 'क्वाड टू', दुसरा १९६७ चा ट्रान्झिस्टरचा '३०३' आणि तिसरा त्यानंतरचा, जास्त ताकदीचा '४०५'. जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञांनी ही चाचणी घेतली. ऐकणारे कसलेले होते. अट एकच. कोणता ॲम्प वाजतो आहे, हे त्यांना सांगायचं नाही.

निकाल काय लागला असेल? ऐकणाऱ्यांना खात्रीने फरक ओळखता आला नाही! व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर यावर लोक तावातावाने भांडत होते, त्याच काळातली ही गोष्ट.

याचा अर्थ सगळे ॲम्प्लिफायर सारखेच, असा मात्र काढू नका. हे तिन्ही उत्तम बनवलेले होते आणि त्यांच्या ताकदीच्या मर्यादेत वाजत होते. ताकद संपली की आवाज फाटतो, तेव्हा फरक कोणालाही कळतो. अर्थ इतकाच, की नीट बनवलेला ॲम्प आपल्या ताकदीत वाजत असेल, तर डबे एक की दोन यावर कानाचं फारसं अडत नाही.

वॅटचं गौडबंगाल

दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१००० वॅट पीएमपीओ' असं लिहिलेलं दिसलं, तर भुलू नका. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य अशी पद्धतच नाही. खरा आकडा 'आरएमएस'चा. तोही किती ओहमच्या स्पीकरला आणि दोन्ही बाजू एकदम चालू असताना आहे का, हे विचारून घ्या.

एक सोपा पडताळा सांगतो. खोकं सोडा, यंत्राच्या पाठीवरची चिठ्ठी वाचा. विजेचा वापर समजा ६० वॅट लिहिला असेल, तर ते यंत्र सतत १००० वॅट कुठून आणणार? ऊर्जा निर्माण करता येत नाही, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. आत जाते त्याहून जास्त बाहेर कशी येईल?

आणखी एक आश्चर्य. २० वॅटऐवजी ४० वॅटचा ॲम्प घेतला, तर आवाज दुप्पट होतो का? मुळीच नाही. तो फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जरासाच. आवाज दुप्पट वाटायला ताकद सुमारे दहापट लागते! घरातल्या खोलीत आपण सहज ऐकतो, तेव्हा सरासरी एखादा वॅटसुद्धा खर्च होत नाही. जास्तीची ताकद लागते ती तबल्याच्या अचानक आलेल्या थापेसाठी.

स्पीकर मात्र इथे जादू करतात. स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' हा आकडा असतो. एका वॅटमध्ये, एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, ते त्यावरून कळतं. ८६ डेसिबलच्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठी ४० वॅट लागतील, तेवढ्याच आवाजाला ९२ डेसिबलच्या स्पीकरला १० वॅट पुरतात. आहे की नाही स्वस्तातली ताकद?

आई-बाबांनो, पैसे कुठे घालावेत?

हा भाग घरात मोठ्याने वाचून दाखवा.

सगळ्या साखळीत आवाजाचा रंग सर्वांत जास्त बदलतात ते स्पीकर आणि खोली. दोन चांगल्या ॲम्पमधला फरक ओळखायला तज्ज्ञही चाचपडतात. दोन स्पीकरमधला फरक पहिलीतला मुलगाही सांगेल. म्हणून समजा, सगळे मिळून ४० हजार रुपये खर्चायचे ठरले, तर त्यातला निम्मा किंवा जास्तच वाटा स्पीकरला द्यावा. दुसरा डबा घेण्यासाठी स्पीकरमध्ये काटकसर करणं, हा आतबट्ट्याचा व्यवहार.

खोलीकडेही बघा. उघडी फरशी आणि मोकळ्या भिंती असलेल्या खोलीत टाळी वाजवली की 'टंणणं' असं ऐकू येतं. तिथे सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट असलं तर आवाज निवळतो. स्पीकर अगदी कोपऱ्यात सारला, की ढोलाचा आवाज फुगतो. थोडा पुढे ओढून बघा. या सगळ्याला पैसे पडत नाहीत!

आणखी एक गोष्ट. चांगला पॉवर ॲम्प वीस-तीस वर्षं सहज साथ देतो. पण फोनवरची गाणी वायरशिवाय वाजवणारे भाग काही वर्षांतच जुने होतात. सगळंच एका डब्यात असेल, तर एका भागाच्या म्हातारपणापायी सगळा डबा अडगळीत जातो. म्हणून साधा, दणकट इंटिग्रेटेड ॲम्प आणि त्याला बाहेरून जोडलेलं छोटंसं ब्लूटूथ किंवा इंटरनेटचं यंत्र, ही जोडी पुष्कळ घरांना शोभेल. जे लवकर जुनं होणार, तेवढंच सुटं ठेवायचं.

मग पूर्ण सुटे डबे कोणी घ्यावेत? ज्यांची खोली मोठी आहे, ज्यांच्या स्पीकरला खरोखर जास्त ताकद लागते, ज्यांच्याकडे रेकॉर्ड्सचा मोठा संग्रह आहे आणि ज्यांना दर दोन-चार वर्षांनी एकेक कडी बदलत जायची हौस आहे, त्यांनी खुशाल घ्यावेत. बाकीच्यांना एक चांगला डबा भरपूर झाला.

दुकानात जाताना

१. रोज ऐकता ती तीन-चार गाणी बरोबर न्या. एक गायनाचं, एक तबल्याचं, एक भरपूर वाद्यांचं.

२. दोन ॲम्पची तुलना करताना स्पीकर तेच ठेवायला सांगा आणि आवाज सारखा करायला सांगा. जे किंचित मोठ्याने वाजतं, तेच आपल्याला चांगलं वाटतं. विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं!

३. एकाने डोळे मिटून बसायचं, दुसऱ्याने दोन्हींपैकी कोणताही ॲम्प लावायचा. दहा वेळा ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही पाच उत्तरं बरोबर येतात. पण नऊ किंवा दहा बरोबर यायची शक्यता अंदाजाने १०२४ मध्ये फक्त ११ इतकीच असते. तेवढी आली, तर फरक खरा!

४. स्पीकर किती ओहमचे आणि ॲम्प किती ओहमपर्यंत चालतो, हे ताडून पाहा. ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या दुप्पट विद्युतप्रवाह ओढतो.

५. दुरुस्ती गावात होते का आणि सुटे भाग मिळतात का, हे विचारा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड सगळ्यांच्या घराजवळ नसतो!

घरी आणल्यावर

वायरी जोडताना सगळी बटणं बंद आणि प्लग काढलेला हवा. स्पीकरच्या वायरीचा एकही तार शेजारच्या वायरीला चिकटू देऊ नका, नाहीतर ॲम्प जळू शकतो. सुटे डबे असतील, तर चालू करताना पॉवर ॲम्प सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी. म्हणजे स्पीकरमधून 'ठप्प' असा दणका बसणार नाही. ॲम्पवर पुस्तकं रचू नका, त्याला गरम हवा बाहेर सोडायला जागा लागते. आणि झाकण उघडायचा मोह तर मुळीच नको! प्लग काढला तरी आतले मोठे कपॅसिटर काही काळ वीज धरून ठेवतात.

शेवटी कानांचंही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्यांनी आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबलने ऐकावं आणि मुलांनी ७५ डेसिबलने. आवाज त्याहून वाढला, की तास भराभर कमी करावे लागतात. ॲम्प जळला तर दुसरा आणता येईल. कानाचा सुटा भाग कुठल्याही दुकानात मिळत नाही!

तर दोस्तांनो, येत्या रविवारी घरातल्या सिस्टिमच्या, टीव्हीच्या किंवा जुन्या टू-इन-वनच्या पाठीवरची चिठ्ठी वाचून काढा. वॅट किती, ओहम किती, 'प्री-आउट' आहे का, वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी काका वाद घालायला आले, की वही त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, "काका, तुमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती हो?"